गुलालातलं हेलिकॉप्टर

श्रीगोंद्याच्या पत्र्याच्या थेटरात आपल्या चित्रपटांना भरपूर शिट्ट्या पडतात, हे चित्रनट राधाकृष्ण याला वितरकांकडून वर्षानुवर्षं कळत होतं. त्या नेमक्या कुठे पडतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याला एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात समजलं, आणि तेही स्वतः हजर राहून.

चित्रपट तिथे बरेच आठवडे टिकला म्हणून सत्कार ठेवला होता. हार झाले, नारळ झाला, शाल झाली आणि पाहुण्याला पहिल्या रांगेत हाताच्या खुर्चीवर बसवून चित्रपट सुरू केला. पडद्यावर राधाकृष्ण आला. थेटर शांत. त्याने नायिकेला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा लोक शेंगा फोडत होते. तो आईच्या पायाशी बसून रडला, तेव्हा मागे कुणीतरी सावकाश खोकलं. राधाकृष्णला वाटलं, आपण समोर बसलोय म्हणून मंडळी संकोचली असतील. इतक्यात पडद्यावरच्या नायकाने कॅमेऱ्याकडे पाठ केली, धावत जाऊन घोड्यावर उडी टाकली, आणि थेटरच्या पत्र्यांना कंप सुटला. शिट्ट्या, आरोळ्या, हवेत टोप्या. घोडा थांबला, नायकाने तोंड फिरवलं, आणि पुन्हा शेंगा सुरू झाल्या.

असं चार-पाच वेळा झाल्यावर राधाकृष्णने शेजारी बसलेल्या कारभारीअण्णा लगडांना विचारलं. अण्णा हे बोरखडीचे सरपंच आणि सत्कार समितीचे अध्यक्ष होते.

"अण्णा, हे लोक मधेच का ओरडतात?"

"आमच्या गावचा हाय ना त्यो," अण्णा अभिमानाने म्हणाले.

"कोण?"

"मच्छिंद्र. तुमी पाठ फिरवली की त्यो येतो."

ही गोष्ट खरी होती. बोरखडीचा मच्छिंद्र हा राधाकृष्णचा डुप्लिकेट. घोड्यावर बसण्याआधीचा आणि घोड्यावरून उतरल्यानंतरचा नायक म्हणजे राधाकृष्ण. मधला सगळा मच्छिंद्र. विहिरीत पडणारा, गाडीवरून गाडीवर जाणारा, रेड्याची शिंगं धरणारा, तोही मच्छिंद्रच. घोडा दौडत असताना चेहरा दाखवायची वेळ आली, तर एका पिंपावर खोगीर बांधून त्यावर राधाकृष्णला बसवत आणि दोन माणसं पिंप हलवत. या धंद्यात हे असंच चालतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. बोरखडीने मात्र या व्यवस्थेचा आपल्या परीने अर्थ लावला होता. चित्रपट हा मच्छिंद्रचा असतो; त्याला दम खायला वेळ मिळावा म्हणून अधूनमधून राधाकृष्णला घालतात, असा गावाचा साधा हिशेब होता.

राधाकृष्ण मनाने वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या कुणी मच्छिंद्रला कामावरून काढला असता. याच्या मनात एवढंच आलं की, आपल्याला एक शिट्टी पाहिजे. एकच. पण ती याच थेटरात, आपण स्वतः केलेल्या कामाला आणि आपण लोकांकडे तोंड करून असताना. रात्री जेवताना त्याने हे अण्णांजवळ बोलूनही दाखवलं. चाळिशी उलटली होती. घोड्याची आशा नव्हती, कारण घोडा त्याला बघूनच बाजूला सरकायचा. विहिरीचा विचारही नको होता. शिवाय बारकाईने पाहिलं, तर मर्दानी म्हणून जेवढी कामं आहेत, ती सगळी पाठ करूनच करावी लागतात. पळणारा माणूस पाठमोरा, चढणारा पाठमोरा, उडी टाकणारा तर पुरताच पाठमोरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारीतून पुण्याला परत निघाला. दुतर्फा ऊस होता. त्या वर्षी उसावर पाकोळी नावाचा किडा पडला होता आणि साखर कारखान्याने औषध मारायला भाड्याने हेलिकॉप्टर आणलं होतं. ते शेंड्यांवरून फवारा सोडत आलं, मोटारीच्या समोर वळलं, आणि राधाकृष्णने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. हेलिकॉप्टरचं नाक म्हणजे एक मोठा काचेचा गोळा होता. त्यात एक माणूस बसलेला होता आणि त्याचा चेहरा, छाती, गुडघे, सगळं समोरून लख्ख दिसत होतं. पाठ लोखंडाकडे आणि तोंड जगाकडे.

ते हेलिकॉप्टर कॅप्टन उजगरे चालवत. नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेले, हवाई दलातून निवृत्त झालेले, बोलायला काटकसरी. वारा सुटायच्या आत फवारणी उरकायची आणि मग दिवसभर बाभळीखाली खाटेवर पडून राहायचं, असा त्यांचा क्रम होता. राधाकृष्ण खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"कॅप्टनसाहेब, हे शिकायला किती दिवस लागतात?"

"उडवायला महिना पुरेल. एका जागी उभं ठेवायला जरा जास्त."

"पण आत बसलेल्याचा चेहरा दिसतो ना?"

"कुणाला?"

"लोकांना."

उजगरे खाटेवर उठून बसले. इतकी वर्षं हवाई दलात काढली, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "ऊन समोरून नसेल तर दिसतो," ते म्हणाले.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. मुंबईहून रीतसर शिकाऊ परवाना आला. कारखान्याने परवानगी दिली, कारण अध्यक्षांच्या भाच्याला चित्रपटात फौजदार व्हायचं होतं. दिग्दर्शकाने शेवटची घोडदौड काढून तिथे हेलिकॉप्टर घातलं. नायक हा ऊसतोडणीच्या मुकादमाचा मुलगा होता. त्याच्याकडे हेलिकॉप्टर कुठून आलं, हा प्रश्न दिग्दर्शकाने एका गाण्यात मिटवला. मग निर्मात्याने वर्तमानपत्रात छापून आणलं की, या चित्रपटात नायक स्वतः हेलिकॉप्टर चालवणार, डुप्लिकेट नाही. आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

पाऊस ओसरल्यावर बोरखडीच्या शिवारात, तीन बाजूंनी ऊस असलेल्या एका पडीक रानात शिकवणी सुरू झाली. गाव रोज बांधावर येऊन बसायचं. बायका शेण्या थापायच्या त्या इकडच्याच बांधाला थापू लागल्या. एक हेलिकॉप्टर, त्यात दोन माणसं, आणि ते जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लटकलेलं. कधी डावीकडे जाई, कधी उजवीकडे, कधी बैलाने मान टाकावी तसं पुढे वाके.

"नजर जमिनीवर नको," कॅप्टन ओरडून सांगत. "लांब बघा. ती कारखान्याची चिमणी बघा. चिमणी जागेवर, म्हणजे तुम्ही जागेवर."

राधाकृष्ण चिमणी बघे. हेलिकॉप्टर स्थिर होई. मग बांधावर कुणीतरी उठून उभं राही, आणि वीस वर्षांच्या सवयीने राधाकृष्णचा चेहरा तिकडे वळे. तोही सरळ नाही, तर किंचित डावी बाजू पुढे काढून, कारण ती बाजू चांगली म्हणून प्रसिद्ध होती. चेहऱ्याबरोबर खांदा वळे, खांद्याबरोबर हात, हातातल्या दांडीबरोबर हेलिकॉप्टर. बांधावरची माणसं उसात पळत.

"राधाकृष्णराव," खाली उतरल्यावर कॅप्टन रुमालाने मान पुसत म्हणाले, "तुमचं तोंड जिकडे जातं, तिकडे मशीन जातं. तुम्ही एक करा. तोंड विसरा."

"तोंडासाठीच तर शिकतोय."

"मग कठीण आहे."

शिकवणीला मच्छिंद्रही असे. चित्रपटाच्या मंडळींबरोबर तो गावी आला होता, पण या खेपेला त्याला काम नव्हतं. अंगाने भरलेला, मान बैलासारखी, आणि चेहरा असा की, तो आहे हे एकदा पाहून लोक विसरत. तो बांधावर बसून हेलिकॉप्टरकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही. त्याच्या वतीने बोलायला गाव होतंच.

"मच्छिंद्रा, तुजं काम ग्येलं की रं."

"जाऊ द्या."

"आरं, आपल्याच रानात शुटिंग, आन् आपलाच मानूस न्हाई? लोकं काय म्हनतील आपल्याला?"

मच्छिंद्रची आई गोजरबाई हिने तर एके दिवशी राधाकृष्णला घरी जेवायला बोलावलं. शेंगुळ्याची थाळी त्याच्यापुढे ठेवली आणि समोर ठाण मांडून बसली.

"खावा. लई वाळला तुमी त्या मशीनीपाई."

"हो, जरा दगदग होते."

"मंग कशापाई करता? माज्या लेकाची पाठ आता गोड लागंना व्हय?"

राधाकृष्णचा घास हातात राहिला. "आजी, तसं नाही. मच्छिंदर आहेच. पण एकदा तरी आपण स्वतः…"

"सवता करायला काय हाय. माजा ल्योक सवताच करतो की."

"आये, जेवू दी सायबास्नी," मच्छिंद्र दारातून म्हणाला.

"जेव म्हन की. मी काय ताट वडलं का?" गोजरबाईने आणखी एक पळी वाढली. "पर एक इचारते, दादा. तुमाला शिट्टी पायजे म्हनं. आपलं अन्ना सांगत हुते. आवं, मंग आमालाच सांगायचं. वाजिवली आस्ती की कुनीबी."

राधाकृष्णने यावर मान खाली घालून शेंगुळे संपवले. अशी मागून मिळालेली शिट्टी चालली असती, तर त्याने पुण्यातच सोय केली असती.

महिना उलटला. दसरा तोंडावर आला. कारखान्याने सांगितलं की फवारणी संपली, हेलिकॉप्टर उद्या प्रवरेकडे जायचंय, तिकडे कोल्हारच्या बाजूला ऊस वाट बघतोय. जे काय करायचं ते आज. कॅप्टननी आदल्या दिवशी राधाकृष्णला एकट्याला वर जाऊ दिलं होतं. तो एक फेरी मारून उतरला होता, थोडा तिरका, पण उतरला होता. कॅप्टन म्हणाले, "चालेल. पण लोकांना लांब ठेवा."

ते काम कारभारीअण्णांनी अंगावर घेतलं. कॅप्टननी त्यांना नीट समजावलं की वरचा पंखा फिरायला लागला की मोकळं कापड ओढलं जाण्याचा धोका असतो. फेटा नको, टोपी नको, उपरणं नको. हार नको. बायकांनी पदर खोचून घ्यावेत. पत्रावळ, कागद, चिंधी, काही जमिनीवर नको.

अण्णांनी हे अक्षरशः पाळलं. सकाळपासून ते काठी घेऊन फिरत होते. त्यांनी आयुष्यात ज्यांचं डोकं कधी उघडं पाहिलं नव्हतं, अशा म्हाताऱ्यांचे पटके उतरवून घेतले. स्वतःचाही फेटा उतरवून घरी पाठवला. सगळं गाव बोडक्या डोक्याने बांधावर उभं राहिलं आणि एकमेकांना ओळखेना. एवढी शिस्त बोरखडीत पूर्वी कधी झाली नव्हती.

दिग्दर्शकानेही आपली तयारी केली होती. काचेवर ऊन चमकून चेहरा दिसला नाही तर सगळंच फुकट, म्हणून कॅमेरामनने सकाळी काचेच्या गोळ्यावर मेण आणि तेल एकत्र करून हलका हात फिरवला. चमक मेली. आता चेहरा छान दिसत होता. उकाड्यामुळे दोन्ही बाजूंची दारं आधीच काढलेली होती. कॅमेरा एका मालमोटारीच्या टपावर, हेलिकॉप्टरच्या उजव्या अंगाला थोडा पुढे ठेवला. आणि दिग्दर्शकाने कुणाला न सांगता आणखी एक गोष्ट केली: मच्छिंद्रला बोलावून नायकाचा तोच चौकड्यांचा शर्ट आणि तीच विजार घालायला लावली. साहेबांनी ऐन वेळी कच खाल्ली, तर कॅप्टन उडवतील, तू नुसता बस, आपण लांबून घेऊ.

"पर सायबास्नी वाईट वाटंल," मच्छिंद्र म्हणाला.

"तू मोटारीमागे उभा राहा. दिसू नकोस."

न दिसण्याचीच त्याला सवय होती. तो मोटारीमागे जाऊन उभा राहिला.

राधाकृष्ण आत बसला. इंजिन सुरू झालं, पंखा फिरू लागला, उसाचे शेंडे झुकले. त्याने चिमणीवर नजर लावली. हेलिकॉप्टर अंगणातून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखं आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने उचललं गेलं आणि जमिनीपासून सुटलं.

आणि कारभारीअण्णांनी हात वर केला.

बोरखडीत काहीही वर गेलं की गुलाल उधळतात. देवळाला कळस चढला, गुलाल. पैलवान खांद्यावर घेतला, गुलाल. गेल्या साली पाण्याची टाकी खांबावर चढवली, तेव्हा टाकी दोन दिवस लाल होती. अण्णांकडे तर गुलालाची पोतीच शिल्लक होती. मागच्या वर्षी कारखान्याच्या संचालकपदाला ते उभे राहिले होते आणि निकालाच्या आधीच त्यांनी गुलाल भरून ठेवला होता. निकालानंतर तो कुठे उधळावा, अशी जागा वर्षभर मिळाली नव्हती. कॅप्टननी जे जे नको म्हटलं, त्यात गुलाल नव्हता. गुलाल म्हणजे काही कापड नव्हे.

सबंध गावाने एकदम मुठी उडवल्या. पंख्याच्या वाऱ्याने तो गुलाल आधी बाहेर फेकला, लोकांच्याच तोंडावर. मग तो तीन बाजूंच्या उसाच्या भिंतींना धडकला, वर चढला, आणि पंख्याने वरून पुन्हा आत ओढून घेतला. असा तो दोन-तीनदा फिरला. पडीक रानात आता रान राहिलं नाही, एक लाल ढग राहिला, आणि त्यातून घरघर ऐकू येत होती.

काचेच्या गोळ्याला मेणतेलाचा हात होता. जेवढा गुलाल आला, तेवढा चिकटला. कॅमेरामनने चेहरा दिसावा म्हणून जे लावलं, त्याने चेहऱ्यापुढे पडदा ओढला.

आत राधाकृष्णला समोर फक्त लाल दिसत होतं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर घाबरला असता. राधाकृष्णही घाबरला. खाली कॅप्टन उजगरे हात हलवत "बाहेरून बघा, बाहेरून!" असं ओरडत होते. ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण चिमणी पाहिजे, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. चिमणी डावीकडे होती. त्याने डाव्या बाजूच्या रिकाम्या दारातून डोकं बाहेर काढलं, आणि ती दिसली. मग त्याने चिमणी सोडली नाही.

हेलिकॉप्टर उसावरून गेलं, चिंचेला वळसा घालून परत आलं आणि ठरलेल्या ठिकाणी, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर थांबलं. एका जागी. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, जणू वरून दोराने बांधलंय. महिनाभर जे जमलं नव्हतं ते आज जमलं, याचं कारण कॅप्टनना एकट्याला कळलं: या क्षणी आपला चेहरा कुणालाही दिसत नाही, याची राधाकृष्णला खात्री होती. मग ते मशीन हळूच टेकलं. हेलिकॉप्टरमधून येऊन नायकाने जिला वाचवायचं होतं ती नायिका, गुलाल डोळ्यांत गेल्यामुळे, केव्हाच जीपमध्ये जाऊन बसली होती.

कॅप्टन वाकून धावत गेले. राधाकृष्णची बोटं दांडीवरून सुटत नव्हती, ती त्यांनी एकेक करून सोडवली.

"उभं ठेवलंत," ते म्हणाले. कॅप्टन उजगऱ्यांच्या तोंडून एवढं पुष्कळ होतं.

राधाकृष्ण खाली उतरला. त्याने एका हाताने मशीन धरून ठेवलं. त्याला आता गावाकडे तोंड करून उभं राहायचं होतं, त्यासाठीच तर सगळं केलं होतं. पण ढग अजून खाली बसला नव्हता, आणि त्यातून एक माणूस त्याला सावरायला धावत येत होता. डोक्यापासून पायापर्यंत लाल, अंगात चौकड्यांचा शर्ट. तो मच्छिंद्र होता. साहेबांचे पाय लटपटताना दिसल्यावर त्याला मोटारीमागे राहवलं नाही. गावाने पाहिलं ते असं की, हेलिकॉप्टरपाशी दोन लाल माणसं आहेत. एक हेलिकॉप्टरला धरून उभा आहे, कसाबसा. दुसरा धडधाकट आहे आणि त्याची मान ओळखीची आहे.

"मच्छिंद्राऽऽ!"

त्याला खांद्यावर घ्यायला फार वेळ लागला नाही.

"आरं, मी न्हाई! सायेब हुते! खाली सोडा!" मच्छिंद्र वरून ओरडत होता. खालून हलगी वाजत होती. राहिलेला गुलाल आता कारणी लागला. राधाकृष्णने "मी! अहो, मी होतो!" असं दोनदा म्हणून पाहिलं. त्याला एका म्हातारीने बाजूला घेतलं आणि पाणी दिलं.

दिग्दर्शक मालमोटारीच्या टपावरून उतरला तो नाचतच. शॉट फार सुंदर आला होता, असं त्याचं मत पडलं. पुन्हा घेऊ या, असं राधाकृष्ण म्हणाला. कॅप्टन म्हणाले, पुन्हा नाही. आज उतरलात त्यात समाधान माना. कारभारीअण्णा म्हणाले, घ्या की, अजून एक पोतं हाय.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर लालच्या लाल प्रवरेकडे गेलं.

चित्रपट बहात्तरच्या चैत्रात लागला. राधाकृष्णने तो मुंबईत आधी पाहिला होता, म्हणून काय होणार ते त्याला ठाऊक होतं. चित्रपट काळा-पांढरा होता. गुलाल पडद्यावर काजळीसारखा दिसत होता. हेलिकॉप्टर काजळीच्या ढगातून वर येतं, काचेचा गोळा काळाठिक्कर, आणि उजव्या बाजूच्या उघड्या दारातून आत बसलेल्या माणसाची फक्त पाठ आणि मान दिसते, कारण त्याचं डोकं पलीकडच्या दारातून बाहेर आहे. सगळ्या भानगडी करून, जगातलं एकमेव समोरून करायचं मर्दानी काम शोधून, राधाकृष्णने तेही पाठमोरंच केलं होतं.

श्रीगोंद्याला जायच्या आधी तो बोरखडीत मच्छिंद्रच्या घरी थांबला.

"मच्छिंदर, एक काम करशील? आज थेटरात, चित्रपट सुरू व्हायच्या आधी, तू लोकांना सांग. कोण होतं ते."

"सांगतो की, सायेब. खरं हाय ते सांगायला काय."

गोजरबाई चुलीपाशी होती. "सांग. सांग म्हंजी फुडल्या शिनेमात घोड्यावर बी त्येच बसत्याल. आन् तू बस माज्या चुलीफुडं."

"घोड्यावर न्हाई बसनार, आये. घोडं बसू देत न्हाई त्येनला."

"एकदा सांगितलंस की नाव त्येंचं झालं. मंग तुला कोन इचारतंय?"

"न्हाई इचारलं तर न्हाई," मच्छिंद्र म्हणाला आणि पायात वहाणा घातल्या.

बाजाराचा दिवस होता, दुपारचा खेळ. पिशव्यांतून कोंबड्या आणि कांदे घेऊन माणसं थेट थेटरात आली होती. पत्रे तापले होते. कारभारीअण्णांनी स्वागत केलं आणि सांगितलं की, आपल्या तालुक्याचा सुपुत्र मच्छिंद्र दोन शब्द बोलेल. मच्छिंद्र पडद्यासमोर उभा राहिला. आजवर पडद्यावर त्याने कधी तोंड दाखवलं नव्हतं, त्यामुळे त्याला समोर बघायची सवय नव्हती. तो अर्धवट वळूनच बोलला.

"ह्या शिनेमात हेलिकॉप्टर हाय. त्ये मी उडिवलेलं न्हाई. मला येत न्हाई. सायबांनी उडिवलं, एकट्यानं, डोळ्याफुडं काय दिसत नसताना. मी मोटारीमागं हुतो. देवाशपथ."

राधाकृष्ण खुर्चीतून मागे वळून लोकांची तोंडं बघू लागला.

मग मधल्या रांगेतून एक जण हळहळत म्हणाला, "आगं आई गं. बगा मानूस."

"खाल्ल्या मिठाला जागला," दुसरा म्हणाला.

"येवढं सवता करून मालकाच्या पदरात घालतुया! कलियुगात आसं मानूस…"

अण्णा पुढे झाले. त्यांनी मच्छिंद्रला छातीशी धरलं, आणि टाळ्या अशा पडल्या की कोंबड्या ओरडू लागल्या. मच्छिंद्र "आवो न्हाई, आयका तरी" म्हणत होता. जितकं म्हणत होता तितकं थेटर हेलावत होतं. शेवटी तो पहिल्या रांगेत राधाकृष्णच्या शेजारी येऊन बसला.

"सांगितलं, सायेब."

"ऐकलं मी."

"मानना झालेत."

"दिसतंय."

दिवे गेले. पडद्यावर राधाकृष्ण आला, शेंगा फुटू लागल्या. नायिका दिसली, गाणं झालं, आई रडली, भाचा फौजदार होऊन आला. शेवटचं रीळ लागलं. काजळीचा ढग उठला, त्यातून घरघर आली, आणि उघड्या दारातली ती मान दिसली. पत्र्यांना कंप सुटला. टोप्या उडाल्या. मागे कुणीतरी खुर्चीवर चढलं. "मच्छिंद्राऽऽ! वाऽरे पठ्ठ्या!" राधाकृष्ण मांडीवर हात ठेवून बसून राहिला. पडद्यावरचा तो माणूस या क्षणी किती घाबरलेला होता, हे त्या गर्दीत त्याला एकट्यालाच माहीत होतं.

तेवढ्यात अगदी कानाशी एक शिट्टी वाजली. लांब, करकरीत, बैल उधळावा अशी.

त्याने वळून पाहिलं. मच्छिंद्रने दोन बोटं तोंडात घातली होती, डोळे पडद्यावर होते. श्वास संपला तसा त्याने दुसरा भरून घेतला आणि पुन्हा वाजवली. इतकी वर्षं तो या थेटरात येत होता, पण त्याने कधी शिट्टी मारली नव्हती. माणूस स्वतःलाच कशी मारणार?

बाकी सगळं थेटर कुणासाठी वाजवत होतं, ते उघड होतं. ही एक मात्र मच्छिंद्रसाठी असणं शक्य नव्हतं.

राधाकृष्ण खुर्चीत हळूहळू सरळ झाला. छाती पुढे आली, मान वर गेली, आणि सवयीने किंचित डावीकडे वळली.

"ओ पावनं!" मागच्या रांगेतून कुणीतरी खेकसलं. "डोस्कं खाली घ्या की! मच्छिंद्रा दिसंना!"

"घेतो, घेतो," राधाकृष्ण म्हणाला, आणि त्याने आनंदाने डोकं खाली घेतलं.